वापरलेल्या पाण्याची शुद्धी

1978 मध्ये सौदी अरेबियातील ज्येष्ठ धर्मपंडितांच्या मंडळापुढे एक प्रश्न आला. शहरातले मैलापाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते, असे अभियंते सांगत होते, आणि वाळवंटी देशाला त्या पाण्याची गरजही होती. पण नमाजापूर्वी ज्या पाण्याने हात, तोंड आणि पाय धुवायचे, ते पाणी काल गटारात होते हे ठाऊक असताना त्याने वजू होईल का?

पंडितांनी जाणकारांचे म्हणणे ऐकले, इस्लामी धर्मशास्त्रातील जुने निकष तपासले आणि निर्णय दिला. पाण्याचा रंग, चव आणि वास यांत घाणीचा मागमूस उरला नसेल आणि विश्वासू तज्ज्ञ तशी ग्वाही देत असतील, तर ते पाणी मूळच्या शुद्ध पाण्यासारखेच मानावे. त्याने वजू करता येतो, ते पिताही येते. या निर्णयात एक बारकावा आहे. आरोग्याला धोका असेल तर ते पाणी वापरू नये, असे मंडळाने सांगितले. पण त्याचे कारण अपाय टाळणे हे आहे, पाणी नापाक आहे हे नव्हे. लोकांच्या सवयींचा आणि आरोग्याचा विचार करून पिण्यासाठी ते शक्यतो टाळावे, असा सल्लाही त्यांनी जोडला.

धर्माचा प्रश्न वेगळा आणि आरोग्याचा वेगळा, हे या पंडितांनी स्पष्ट ओळखले होते. दोन्हींची उत्तरे दिल्याखेरीज कोणतेही शहर, गाव किंवा वस्ती आपल्या पाण्याची नीट व्यवस्था लावू शकत नाही, हेही त्यातून दिसते. नळ, गटार, टाकी, खड्डा हे सारे अभियंत्याच्या कागदावर आखले जाते. पण ते कागद हाती घेण्यापूर्वीच समाजाने काही गोष्टी ठरवलेल्या असतात. घाण कशाला म्हणायचे, ती कोणी हाताळायची, एकदा घाण झालेली वस्तू पुन्हा चांगली होते की नाही, याची उत्तरे आधी मनात ठरतात आणि मग सिमेंटमध्ये ओतली जातात.

भारतीय धर्मशास्त्रानेही या प्रश्नाला बगल दिलेली नाही. द्रव्यशुद्धी हे त्यातले एक मोठे प्रकरण आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात त्याचे नियम आहेत, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात शुद्धीच्या या सगळ्या विचाराचा पट मांडला आहे. धातूचे भांडे राखेने, आंबट पदार्थाने आणि पाण्याने शुद्ध होते. जमीन झाडून, सारवून, खरवडून शुद्ध होते. नदी वाहण्याने शुद्ध होते. विहिरीत मोठे जनावर मरून पडले तर तिचे सगळे पाणी उपसून काढावे, असे स्मृती सांगतात. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असा निषेधही मनुस्मृतीत आहे.

यांतले काही नियम आजच्या विज्ञानाला पटतील, काही पटणार नाहीत. पण त्यामागचा विचार सौदी पंडितांच्या विचारापासून फार दूर नाही. अशुद्धी ही एक स्थिती आहे, तिला आरंभ आहे आणि अंतही आहे. वस्तू बिघडते, तिच्यावर योग्य क्रिया केली की सुधारते. सुतकही दहा दिवसांनी फिटते. या पद्धतीने पाहिले तर सांडपाणी म्हणजे सुतकातले पाणी. काही काळ ते बाजूला ठेवायचे, त्याच्यावर करायचे ते संस्कार करायचे आणि मग त्याला पुन्हा पंक्तीत घ्यायचे.

मग ही परंपरा असलेल्या देशात नद्यांची गटारे का झाली?

याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या एका भेदात सापडते. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी जगभरच्या जुन्या समाजांतील विटाळाच्या कल्पनांची चर्चा केली आहे. जन्म, मृत्यू, ऋतुस्राव अशा प्रसंगी विटाळ मानण्याची रीत अनेक समाजांत होती. मात्र तो विटाळ तात्पुरता असे, ठरलेल्या विधीनंतर माणूस पुन्हा समाजात येई. हिंदू समाजाने काही माणसांवर लादलेली अस्पृश्यता मात्र जन्माने येणारी, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आणि कोणत्याही विधीने न फिटणारी होती. म्हणजे भांडे शुद्ध होते, जमीन शुद्ध होते, विहीर शुद्ध होते. माणसासाठी मात्र शुद्धीचा मार्गच ठेवला नव्हता.

महाडला हा विरोधाभास उघडा पडला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावातील सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. 108 घागरी पाणी काढून, त्यात दही, दूध, शेण आणि गोमूत्र मिसळून ते परत तळ्यात ओतले. शेण आणि मूत्र तळ्यात घालून तळे शुद्ध झाले असे ज्यांनी मानले, त्यांना तहानलेल्या माणसाच्या ओंजळीने तेच तळे बाटल्यासारखे वाटले होते. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृती जाळण्यात आली. द्रव्यशुद्धीचे नियम सांगणाऱ्या त्याच ग्रंथाने माणसामाणसांत न फिटणारा विटाळ ठरवून दिला होता, म्हणून ती जाळली गेली. तळ्याचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

हा सगळा इतिहास सांडपाण्याच्या चर्चेत कशाला, असे वाटू शकेल. पण भारतातील प्रत्येक संडासाच्या खड्ड्याच्या आकारात हा इतिहास आहे.

डायॅन कॉफी आणि डीन स्पीअर्स या संशोधकांनी 2014 मध्ये बिहार, हरियाणा, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांच्या ग्रामीण भागात पाहणी केली. ज्या घरांत वापरण्याजोगा संडास होता, त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक घरांतील निदान एक माणूस तरी उघड्यावर जात होता. संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याची कारणे सविस्तर मांडली. गरिबी, पाण्याचा तुटवडा किंवा अज्ञान यांनी हे कोडे सुटत नव्हते, कारण भारतापेक्षा गरीब देशांतही साधे खड्ड्याचे संडास वापरात आहेत. अडचण खड्ड्याच्या भरण्याची होती. खड्डा भरला की तो उपसणार कोण? हे काम विशिष्ट जातीचे, असा समज पक्का होता, आणि त्या जातीचे लोक आता ते काम नाकारू लागले होते. घराजवळ मैला साठवणे विटाळाचे आणि तो काढणे त्याहून विटाळाचे. म्हणून लोकांना सरकारी आराखड्याच्या कितीतरी पट मोठा, कधीच न भरणारा खड्डा हवा असे. तेवढा खर्च परवडेना, म्हणून संडास नकोच.

हा आराखड्यातला दोष नाही. दोन खड्ड्यांचा संडास ही तंत्रज्ञानाची अतिशय समजूतदार रचना आहे. सुलभ संस्थेचे बिंदेश्वर पाठक यांनी 1970 पासून तिचा देशभर प्रसार केला. उताराच्या भांड्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. तो पहिल्या खड्ड्यात साठतो. खड्ड्याच्या जाळीदार विटकामातून पाणी आणि वायू जमिनीत मुरतात. काही वर्षांनी तो खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षे तसाच झाकून ठेवायचा. या मुदतीत जंतू मरतात, ओल सुकते आणि आत उरते ते कोरडे, बिनवासाचे, काळे खत. त्यात आणि मातीत काय फरक आहे, हे हातात घेतल्यावर सांगता येत नाही. धर्मशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दुसरा खड्डा म्हणजे सुतक फिटण्याची मुदत. ताजा मैला कोणत्याही माणसाच्या हातात पडू नये, हीच या रचनेची मूळ प्रेरणा आहे.

तरीही लोकांचा विश्वास बसत नव्हता. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्रीय पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातील गंगादेवीपल्ली या गावात दोन खड्ड्यांच्या संडासात स्वतः उतरले आणि खत हाताने बाहेर काढले. अनेक राज्यांतून आलेले अधिकारीही त्यांच्यासोबत होते. एखाद्या शास्त्रीय अहवालाने जे साधले नसते, ते एका सनदी अधिकाऱ्याच्या हाताने साधायचे होते. धार्मिक भीतीला उत्तर द्यायला कधीकधी धार्मिक वजनाचीच कृती लागते.

महाराष्ट्रात अशा कृतीची परंपरा बरीच जुनी आहे, आणि तिचा एक धागा वाईपर्यंत जातो. कृष्णाकाठचे वाई हे घाटांचे, देवळांचे आणि शास्त्री-पंडितांचे गाव. नारायणशास्त्री मराठे म्हणजेच केवलानंद सरस्वती यांच्या प्राज्ञपाठशाळेने इथे वेदान्त आणि धर्मशास्त्र यांचे अध्ययन रुजवले, धर्मकोशाचे प्रचंड काम इथेच उभे राहिले. याच पाठशाळेतून घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी 1932 च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबतीला गेले आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही, ही बाजू त्यांनी पंडितांपुढे मांडली. विनोबा भावेही साबरमतीहून रजा घेऊन उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकायला वाईलाच आले होते. पुढे, स्वातंत्र्याच्या आगेमागे, तेच विनोबा पवनारहून जवळच्या सुरगाव खेड्यात रोज खांद्यावर फावडे टाकून जात आणि गावाचा मैला साफ करत. ब्रह्मसूत्रे शिकलेल्या माणसाला हे काम आपल्या अभ्यासाच्या विरुद्ध वाटले नाही, उलट ते त्याच अभ्यासाचा भाग वाटले.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच केले. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. हे काम जातीने ठरते, असे म्हणत तुरुंगाधिकाऱ्यांनी ते नाकारले तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभला, आणि डिसेंबर 1932 मध्ये येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. सरकारला नमावे लागले.

या परंपरेवर आंबेडकरांचा कडक आक्षेप होता, आणि तो डावलून पुढे जाता येणार नाही. मैला उचलणे ही थोर सेवा आहे, असे त्या कामात जन्माने जखडलेल्या माणसाला सांगणे म्हणजे त्याची बेडी फुलांनी सजवणे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. महात्मा हे काम निवडतो; झाडूवाल्याला ते निवडताही येत नाही आणि सोडताही येत नाही. एका साधकाने वर्षभर गाव झाडले म्हणून गावाची व्यवस्था बदलत नाही.

अप्पांना हे उमगले होते, असे त्यांच्या पुढच्या कामावरून म्हणता येते. 1948 मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि तिथे प्रायश्चित्ताबरोबर रचनाही शोधली. मैल्याचे खत होईल आणि कोणाला तो उचलावा लागणार नाही, असे स्वस्त संडास त्यांनी बनवले. ते गोपुरी संडास म्हणून ओळखले गेले. व्रताने सुरुवात करून आराखड्याशी येऊन पोहोचणे, हा त्यांच्या आयुष्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे. धर्माचा प्रश्न अशा ठिकाणी सुटतो, जिथे माणसाला अपमानित करणारे काम मुळात उरतच नाही.

शहरांनी मात्र वेगळा मार्ग धरला. भुयारी गटार ही आधुनिक नगररचनेची मोठी देणगी आहे, कॉलऱ्यासारख्या साथींना तिने आळा घातला. पण तिने शहरवासीयाला एक सोयही दिली. साखळी ओढली की मैला दृष्टीआड होतो आणि त्याच्याशी असलेला संबंध संपतो. पुढे काय होते, हे आकडे सांगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या पाहणीनुसार देशातील शहरांत रोज सुमारे 72 हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यातले जेमतेम 20 हजार दशलक्ष लिटर प्रत्यक्ष शुद्ध होते. उरलेले ओढ्यानाल्यांवाटे नद्यांना मिळते. ज्या नदीला सकाळी अर्घ्य द्यायचे, तिच्यातच हे सारे जाते.

इथे एक जुना युक्तिवाद पुढे येतो. नदी माता आहे, ती वाहते, तिला काही बाटत नाही. या श्रद्धेला एके काळी भौतिक आधारही होता. वाहत्या पाण्यात हवेतला प्राणवायू मिसळतो, त्यावर जगणारे जिवाणू घाण खातात आणि काही अंतरावर पाणी पुन्हा निवळते. स्मृतिकारांनी नदीची शुद्धी तिच्या वेगात पाहिली, ते निरीक्षण खोटे नव्हते. पण त्याला दोन अटी होत्या: वेग हवा आणि घाण बेताची हवी. आज वाईच्या वर धोम धरण आहे, पंढरपूरच्या वर उजनी. कृष्णा आणि चंद्रभागा किती वाहणार, हे बरेचसे धरणाच्या दरवाजांवर ठरते. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाचा निकष असा आहे की 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणू शक्यतो 500 हून कमी आणि कोणत्याही स्थितीत 2,500 हून अधिक नसावेत. हा आकडा श्रद्धेचा अपमान करत नाही. रंग, चव, वास यांचीच ती नव्या काळातली तपासणी आहे, आणि आपल्या पूर्वजांनी तपासणी टाळली नव्हती.

म्हणून वाईत अलीकडे घडलेली गोष्ट धर्मविचाराच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. सुमारे 36 हजार वस्तीच्या या शहरात बहुतेक घरांचा मैला सेप्टिक टँकमध्ये साठतो. अशी टाकी फक्त गाळ खाली बसवते. दोन-तीन वर्षांनी तो उपसला नाही तर टाकी नुसती मैल्याची वाट होते आणि आत आले ते तसेच बाहेर पडते. देशभर रीत अशी की टाकी तुंबून अंगणात मैला येईपर्यंत कोणी झाकण उघडत नाही, आणि उपसलेला मैला टँकरवाला रात्री कुठल्या तरी ओढ्यात किंवा शेतात सोडून देतो. वाई नगरपालिकेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील पाणी व स्वच्छता केंद्राच्या साहाय्याने हा क्रम उलटा केला. शहरातली प्रत्येक टाकी तुंबण्याची वाट न पाहता तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसायची, त्यासाठी घरोघर स्वच्छता कर घ्यायचा, आणि गाळ 2018 च्या सुमारास उभारलेल्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचा. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही हीच पद्धत स्वीकारली.

यात कसलाही चमत्कार नाही. वेळापत्रक, कर आणि एक केंद्र, एवढेच आहे. पण यातून टाकी ही घरातली लाजिरवाणी गोष्ट न राहता साऱ्या गावाची जबाबदारी झाली. आपल्या घरातून रोज काय बाहेर पडते, हे कराच्या पावतीवर छापून येऊ लागले. सणावारांचे पंचांग सांभाळणाऱ्या गावाने मैल्याचेही पंचांग लावले, यात नित्यकर्माचाच विस्तार दिसतो. या उपायाची मर्यादाही सांगायला हवी. गाळ उपसला तरी टाकीतून बाहेर पडणारे पाणी आणि मोऱ्यांचे सांडपाणी यांची वेगळी सोय लागतेच. ते नाल्यात सुटले तर नदीचा प्रश्न अर्धाच सुटतो.

त्या उरलेल्या अर्ध्यासाठीही लहान प्रमाणावरची उत्तरे आहेत. आग्र्यात यमुनेच्या पैलतीरी, मेहताब बागेजवळच्या कछपुरा वस्तीतून जाणाऱ्या नाल्यावर असे एक विकेंद्रित शुद्धीकरण केंद्र बांधले गेले. या पद्धतीत पाणी आधी गाळ बसण्याच्या टाकीत थांबते, मग आडव्या भिंतींच्या कप्प्यांतून खालीवर फिरते, तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू घाण पचवतात. पुढे खडी भरलेल्या आणि कर्दळ, लव्हाळे यांसारख्या वनस्पती लावलेल्या चरातून ते झिरपते. मुख्य कामाला वीज लागत नाही, उतार लागतो आणि वेळोवेळी गाळ काढणारी माणसे लागतात. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने याहून साधा मार्ग घेतला. मोरीचे पाणी उघड्या गटारात न सोडता घरोघरच्या शोषखड्ड्यात मुरवले. गटारे गेली, त्यांच्याबरोबर डासही गेले. कोलकात्याच्या पूर्वेची पाणथळ भूमी तर शहराचे मैलापाणी पिढ्यान्‌पिढ्या उथळ तळ्यांत पसरवून, उन्हाने आणि शेवाळाने शुद्ध करून त्यावर मासे आणि भाजीपाला पिकवते. 2002 मध्ये या साडेबारा हजार हेक्टरांना रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. कोलकातेकर तो मासा रोज खातो आणि त्याच्या धर्माला काही होत नाही.

वापरलेल्या पाण्याबद्दलची किळस फक्त भारतीय किंवा फक्त हिंदू आहे, असेही नाही. ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा शहरात 2006 मध्ये भीषण दुष्काळ असताना, शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळावे का, यावर सार्वमत झाले आणि सुमारे 62 टक्के लोकांनी नकार दिला. नामिबियाची राजधानी विंडहूक मात्र 1968 पासून असे पाणी पीत आली आहे. दोन्ही शहरांतले विज्ञान एकच होते. फरक विश्वासाचा होता, आणि विश्वास ही गोष्ट प्रयोगशाळेतून एकतर्फी पाठवता येत नाही. ज्याची ग्वाही मानायची तो तज्ज्ञ प्रामाणिक हवा, ही सौदी पंडितांची अट इथे नेमकी लागू पडते. लहान केंद्राचा हाच मोठा फायदा आहे. ते वस्तीच्या डोळ्यांसमोर असते, त्याचा वास आला तर सगळ्यांना येतो, आणि ते नीट चालले तर तेही सगळ्यांना दिसते.

मात्र आकार लहान असल्याने न्याय आपोआप येत नाही. टाकीत उतरणारा माणूस कोण, हा प्रश्न वाईतही आहे आणि मुंबईतही. हाताने मैला साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही 2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना 377 माणसे मेल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. टाकीत साठलेला हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत शुद्ध हरपवतो. एक माणूस कोसळला की त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो. 2024 मध्ये जाहीर झालेल्या सरकारी नोंदणीत गटारे आणि टाक्या साफ करणाऱ्या कामगारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले आढळले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. घटनेने अस्पृश्यता रद्द केली, पण ती जमिनीखाली शिल्लक राहिली आहे.

म्हणून चांगल्या आराखड्याची पहिली कसोटी धार्मिकच असायला हवी: यात कोणाला मैल्यात उतरावे लागते का? लागत असेल तर कितीही स्वच्छ पाणी बाहेर पडो, ती रचना अशुद्ध आहे. यंत्राने उपसता येईल अशी झाकणे, टँकर पोहोचेल एवढा रस्ता, नियमित पाळी, कामगाराला कायम नोकरी आणि सुरक्षेची साधने, यावर खर्च होणारा पैसा हे त्या वस्तीचे खरे प्रायश्चित्त आहे. संत गाडगेबाबा गावात आल्यावर आधी झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. क्रम महत्त्वाचा होता. गाव घाण ठेवून देवाचे नाव घेणे त्यांना मान्य नव्हते, आणि ती घाण दुसऱ्याच्या माथी मारणेही मान्य नव्हते.

हा प्रश्न आज खेड्यांपेक्षा नव्या गृहसंकुलांच्या दाराशी अधिक आहे. 20 हजार चौरस मीटरांहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची अट असते. पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या अनेक सोसायट्यांत अशी यंत्रणा तळघरात आहे. कुठे ती नीट चालते आणि तिचे पाणी बागेला व फ्लशला जाते. कुठे विजेचे बिल वाचवण्यासाठी ती बंद ठेवलेली असते आणि बाहेरून टँकरने गोडे पाणी आणून बागेला घातले जाते. ‘संडासाचे पाणी’ पुन्हा घरात नको, असा आक्षेप सभेत निघतो. तो आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. त्यावर चर्चा व्हावी, पाण्याच्या तपासणीचे आकडे फलकावर लावावेत, नळाच्या जोडण्या वेगळ्या असल्याची खात्री प्रत्येकाला करून द्यावी. धर्मपंडितांना जी ग्वाही पुरली, तशी ग्वाही शेजाऱ्यालाही मिळाली पाहिजे.

वाचकांना विनंती एवढीच आहे. आपल्या सोसायटीच्या, नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेत चार प्रश्न विचारा. आमच्या घरातले वापरलेले पाणी कुठे जाते? आमची टाकी शेवटची कधी उपसली? उपसलेला गाळ कुठे टाकला? आणि ते काम कोणी, कोणत्या साधनांनी, किती मजुरीवर केले? उत्तर मिळाले नाही तर त्या पुढच्या सभेत पुन्हा विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.